कोल्बीच्या मागं आवरलं कोणी?

...मुक्त आत्मा म्हणे! नाही, पास्टर केलर, तुम्ही बसा, तुमचं बोलून झालंय, छान बोललात, पण मुक्त आत्मा? आमचा ड्वेन? अहो, मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ, लाइल हॉस्टेटलर, अडुसष्ट वर्षांचा आहे, त्यातली पंचावन्न वर्षं त्याची वाट बघण्यात गेली, आज त्याला पुरून आलोय, तेव्हा दोन मिनिटं मलाही बोलू द्या. हॅम गार होईल ही काळजी नको, ते आधीच गार आहे.

आणि तुम्ही, मागच्या टेबलावरचे चामडी जाकीटवाले, चौदा जण मोटरसायकली घेऊन शवपेटीच्या पुढं आलात, सगळं गाव दारात येऊन बघत होतं, मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू... पण मगाशी तुमच्यातला तो दाढीवाला, हो, तुम्हीच, बटाट्याचा डाव हातात धरून मला म्हणालात, ‘तुमचा भाऊ म्हणजे साक्षात कोल्बी होता हो!’ तिथं माझं डोकं फिरलं. कारण मला कोल्बी कोण ते कळत नाही असं थोडंच आहे?

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. एकोणसत्तर साली टीव्हीवर ‘पुढचं गाव’ नावाची मालिका लागायची, दर बुधवारी संध्याकाळी. त्यात हा कोल्बी, एकटा जीव, मोटरसायकलवर भटकायचा. दर बुधवारी नवं गाव, दर बुधवारी त्याचं इंजिन खोकायचं ते बरोबर एखाद्या विधवेच्या फाटकासमोर, मग विधवा म्हणणार, ‘उपाशी दिसताय,’ हा म्हणणार, ‘फाटक मोडलंय तुमचं,’ मग जेवण, मग गिटार, मग बाप-लेकाचं दहा वर्षांचं भांडण हा एका वाक्यात मिटवणार, आणि सकाळी सगळे अंगणात उभे, डोळ्यांत पाणी, आणि हा निघाला पुढच्या गावाला. पाऊण तासात सगळं! ना त्याला भाडं, ना त्याची दाढ दुखायची, ना त्याला कधी बद्धकोष्ठ झालं.

मी तेरा वर्षांचा, ड्वेन एकोणीसचा, आम्ही दोघं टीव्हीसमोर जमिनीवर पालथे पडून बघायचो, आणि बाबा मागं खुर्चीत, डुकरांचं खाणं-पाणी करून थकलेले, अर्धे झोपेत. एकदा डोळे न उघडताच म्हणाले, ‘ताटं कोणी घासली?’ आम्ही म्हटलं, कसली ताटं? ‘त्याला जेवायला घातलं ना त्या बाईनं, मग ताटं कोणी घासली? आणि ते फाटक. तीन खिळ्यांवर उभं केलंय. थँक्सगिव्हिंगच्या आत पडतंय. मग उचलायचं कोणी?’ ड्वेन हसून हसून लोळला. मीही हसलो, ड्वेन हसला म्हणून. पण तुम्हाला सांगतो, तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो आजतागायत. मागं आवरलं कोणी? सव्वीस भाग झाले त्या मालिकेचे, ते काही कधी दाखवलं नाही.

आता सव्वीस भाग म्हटलं, पण आम्ही पाहिले पंचवीस. कारण शेवटचा भाग आला सत्तरच्या मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये आमच्या इंडियानात काय असतं ते इथं कोणाला सांगायला नको. हायस्कूलच्या पोरांचं बास्केटबॉल! त्यात आमची शाळा एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एवढी पुढं गेलेली. टीव्ही केंद्रानं पेपरात छापूनच टाकलं, बुधवारी सामना दाखवणार, ‘पुढचं गाव’ रद्द. पुढं कधी दाखवू वगैरे काही नाही, रद्द म्हणजे रद्द! आणि गावात कोणाला त्याचं सोयरसुतक नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘बरं झालं, एक फाटक वाचलं.’

मी रडलो. तेरा वर्षांचा घोडा, डुकरांच्या गोठ्यात लपून रडलो, कारण आई आदल्याच वर्षी गेलेली आणि मला वाटायचं, हा कोल्बी शेवटी कुठंतरी पोचत असेल, आणि तेवढं तरी मला बघायला मिळावं. ड्वेननं पाहिलं. मक्याचे तुरे खुडून तीन उन्हाळ्यांच्या कमाईत त्यानं जुनी मोटरसायकल घेतली होती, ती काढली आणि म्हणाला, ‘लाइल, ओहायोत आपल्या शाळेला कुत्रं विचारत नाही, तिथं दाखवणारच. मी डेटनला जातो, माझा मित्र हॅरोल्ड, त्याच्या मावशीकडं बघतो आणि तुला येऊन सांगतो.’ आणि गेला. अख्खं गाव सामन्याला, आणि हा एकटा उलट्या दिशेनं! सामना आम्ही एका गुणानं हरलो, ते आजही कोणी विसरलेलं नाही, त्या बाजूच्या टेबलावर आत्ताही कोणीतरी त्याच्यावरच बोलतंय.

दुसऱ्या दिवशी ड्वेन आला, माझ्या पलंगावर बसला आणि म्हणाला, ‘घरी आला.’ मी म्हटलं, कोण? ‘कोल्बी. शेवटी घरी येतो. फाटक उघडतो, बाप व्हरांड्यात बसलेला असतो, काही बोलत नाही, नुसती शेजारची खुर्ची पायानं सरकवतो. संपलं.’

काय शेवट होता! मी तो डोळे मिटून किती वेळा पाहिला असेल... आणि मे महिन्यात ड्वेन निघाला. सपाट पाय म्हणून लष्करानं घेतलं नव्हतं, पण मोटरसायकलला लाथ मारायला ते पाय बरोबर चालायचे. मी फाटक धरून उभा. तो म्हणाला, ‘रडतोस काय? कोल्बी शेवटी घरी आलाच ना?’ झालं. मी फाटक सोडलं.

आणि मग मी थांबलो. लोक मला विचारतात, लाइल, तू कधी कुठं गेला नाहीस? अहो, घरी यायचं तर घर नको का जागेवर? खुर्ची सरकवायला कोणीतरी नको का व्हरांड्यात? चौऱ्याहत्तरमध्ये बाबांना झटका आला, अर्धं अंग गेलं, मग डुकरं मी, मका मी, बाबांची आंघोळ मी. नॅडीन होती तेव्हा, धान्याच्या दुकानात बसायची, जुन्या लोकांना आठवत असेल, तिला ओरेगनला जायचं होतं बहिणीकडं, माझ्याबरोबर. मी म्हटलं, एवढा वसंत जाऊ दे, ड्वेन येईल, मग बाबांकडं तो बघेल. तीन वसंत थांबली बिचारी. नाताळला कार्ड येतं तिचं, पाच नातवंडं आहेत. चांगली आहेत पोरं, दात जरा पुढं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ड्वेन कधी आलाच नाही का? यायचा ना! पंचावन्न वर्षांत अकरा वेळा. आणि आला की काय सांगू, गावात जत्रा! शेजारच्या पोरांना मोटरसायकलवर चक्कर, बायकांना गाणी, बाबा महिनोन्‌महिने माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत ते त्याच्याशी हसायचे. आणि दर वेळी, देवाशपथ, फाटक दुरुस्त करायचा! तीन खिळे. सकाळी सगळे अंगणात, डोळ्यांत पाणी, आणि हा निघाला. सगळे म्हणायचे, ‘काय माणूस आहे!’ आणि मी ताटं घासत असायचो. बाबा गेले तेव्हा पुरल्यावर दोन दिवसांनी उगवला, टायर फुटला होता म्हणे ॲमरिलोला. या इथंच, चर्चच्या या तळघरात, मी एकटा खुर्च्या घडी करत होतो. मागं आवरायला कोणी नव्हतं, हे काही कोणी दाखवलं नाही.

या फेब्रुवारीत बाराव्यांदा आला. मोटरसायकलवर नाही, बसनं. मोटरसायकल कोणा मित्राकडं ठेवलेली. फाटकापाशी उभा राहिला आणि त्याला ते उघडेना, एवढी ताकद गेलेली. मीच जाऊन उघडलं. म्हणाला, ‘लाइल, फुप्फुसात आहे.’ मी म्हटलं, ये. काय म्हणणार? व्हरांड्यात दोन खुर्च्या होत्या, एवढ्या वर्षांत मी दुसरी कधी हलवली नव्हती, ती पायानं सरकवली. तो बसला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या खोलीत पलंग लावला, नर्स बेव्ह दिवसाआड यायची, आणि मी मनात म्हटलं, आता हा कुठं जात नाही, आता दोघं मिळून तो शेवटचा भाग बघू. त्या मालिकेच्या म्हाताऱ्या चाहत्यांचं एक मंडळ आहे, सगळ्यांचे गुडघे बदललेले, दर वर्षी जत्रेच्या मैदानावर जमतात. त्यांनी कुठून कुठून शोधून सव्वीसच्या सव्वीस भाग तबकडीवर उतरवलेत. मी पत्र लिहिलं, टपालानं आली तबकडी. एकट्यानं नाही लावली, पंचावन्न वर्षं थांबलो तिथं आणखी तीन दिवस. रविवारी दुपारी त्याला उशीला टेकवून बसवलं आणि म्हटलं, ‘बघ, काय आणलंय.’

त्याचा चेहरा पडला. ‘कशाला लाइल, तुला माहीतच आहे शेवट.’ मी म्हटलं, सांगितलेला माहीत आहे, बघायचाय. ‘राहू दे ना.’ का राहू दे? ‘अरे, तू सामनाच लाव एखादा.’ ड्वेन आणि सामना! तिथं मला शंका आली. मी तबकडी हातात धरून उभा, आणि तो खिडकीकडं बघत म्हणाला, ‘मी डेटनला पोचलोच नाही.’

काय म्हणालास?

‘चेन तुटली. रिचमंडला. ओहायोची हद्द चार मैलांवर राहिली. एका खानावळीत जाऊन बसलो, तिथल्या टीव्हीवरही आपलाच सामना. तळलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच खाल्लं, पावाच्या बाहेर वीतभर आलेलं, आणि विचार करत बसलो, तुला काय सांगू. तू गोठ्यात रडत होतास रे. तुला काय सांगणार होतो, चेन तुटली?’

तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी त्याच्या नाकातली प्राणवायूची नळी काढून फेकाविशी वाटली. चर्चमध्ये उभा आहे म्हणून खोटं बोलणार नाही. नॅडीन, ओरेगन, बाबांची आंघोळ, ती खुर्ची, सगळं एका चेनवर! आणि तेही एका सँडविचला सुचलेलं! मी म्हटलं, ‘ड्वेन, मी त्या शेवटाच्या भरवशावर थांबलो इथं.’ तो म्हणाला, ‘मला वाटलं तुला डुकरं आवडतात.’

मग मी तबकडी लावली. रागानंच लावली. म्हटलं, बघच तू आता. दहा मिनिटांत तो झोपला, औषधं तशीच होती, आणि मी एकटा बघत बसलो. समुद्रकाठचं गाव, कोळंबी धरणारा एक म्हातारा, त्याचं मुलीशी भांडण. कोल्बीनं जाळं शिवलं, एक वाक्य बोलला, भांडण मिटलं. सकाळी सगळे धक्क्यावर, डोळ्यांत पाणी. आणि तो निघाला पुढच्या गावाला! बस्स. घर नाही, फाटक नाही, बाप नाही, कोल्बीला बाप आहे असा उल्लेखसुद्धा नाही. हा शेवटचा भाग आहे हे त्या कोल्बीलाच कोणी सांगितलं नसावं. आणि त्या धक्क्यावर कोळंबीची टरफलं पसरलेली, ती कोण उचलणार? तेही नाही.

नावं वर सरकायला लागली आणि ड्वेन जागा झाला. डोळे पूर्ण उघडत नव्हते. ‘संपलं?’ म्हणाला. संपलं. ‘काय झालं रे शेवटी?’

आता माझ्या तोंडात पंचावन्न वर्षांचं साठलेलं होतं, बरं का. सगळं ओळीनं लावलेलं. त्याच्याकडं पाहिलं, हात हा एवढासा झालेला, त्यानं माझं बोट धरलेलं, जशी मी गोठ्यात रडताना त्याची बाही धरली होती... आणि मी म्हटलं, ‘घरी आला.’

‘फाटकातनं?’

‘फाटकातनं.’

‘आणि बाप?’

‘व्हरांड्यात होता. बोलला नाही काही. खुर्ची सरकवली.’

त्यावर हा माणूस, स्वतः थाप मारलेली, तासाभरापूर्वी स्वतःच कबूल केलेली, डोळे मिटून समाधानानं मला म्हणतो, ‘बघ. सांगितलं नव्हतं तुला?’

मंगळवारी सकाळी मी टपालपेटीपर्यंत गेलो, चार मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात गेला. न सांगता. तोच एक असा होता की ज्याच्यावर मी रागावू शकत होतो, आता मी कोणावर रागावू, सांगा. बेव्ह म्हणाली, शांतपणे गेले. मी म्हटलं, तो नेहमीच शांतपणे जातो, गोंधळ मागं असतो. पलंग परत द्यायचाय, औषधं मोजून द्यायचीत, बूट तसेच पडलेत, आणि फाटक... फाटक परवा पडलं. तीन खिळे.

तर असा तुमचा मुक्त आत्मा. मी काही तक्रार करत नाही. हो, करतोय. बरं, ढग आलेत, जाकीटवाल्यांना लांब जायचंय, निघा तुम्ही, पोचलात की कळवू नका, कोणी कळवत नाही. पास्टर, तुम्हीही निघा. अहो, खुर्च्या राहू द्या! त्या कुठल्या कपाटात कशा लावायच्या ते मला पाठ आहे.