दिवाणखान्यातला खांब

मुलगी : क्लासच्या ताईंना निरोप टाकला. संध्याकाळच्या कार्यक्रमात माझ्या जागी दुसरं कोणीतरी नाचू दे.

बाबा : आधी गुडघा बघू दे.

मुलगी : गुडघ्याला काही झालेलं नाही, बाबा. कालपर्यंत याच खांबावर डोकं खाली, पाय वर करून राहत होते, आणि आज अर्ध्यावरून सर्रकन खाली! पोल डान्स म्हणे. चाळिशीत कोणी सांगितलं होतं?

बाबा : कोणी नाही. तूच ठरवलंस. मला ते आवडलं होतं.

मुलगी : तुम्हाला? मी सरावाला उभी राहिले की तुमचं वर्तमानपत्र नाकासमोर!

बाबा : तू आखूड चड्डीत असतेस. बापाने बघायचं तरी कुठे?

मुलगी : अहो, पकड कातडीची असते. पूर्ण कपड्यात माणूस घसरतो. सरावाच्या दिवशी आम्ही अंगाला क्रीमसुद्धा लावत नाही.

बाबा : क्रीमसुद्धा नाही?

मुलगी : बोटभरही नाही. काय झालं?

बाबा : काही नाही. बोल तू.

मुलगी : काय बोलू? आधी कितीतरी आठवडे जमिनीवरून पाय सुटत नव्हता. मांड्या काळ्यानिळ्या. मग एकदा जमलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना तोंडावर सांगितलं, ही चूक माझी नाही. मी! जिला लिफ्टमध्ये मजला सांगायची लाज वाटते. आज वाटतंय, ते सगळं उसनं होतं.

बाबा : थांब. मला काही सांगायचंय. पण माझ्याकडे बघू नकोस.

मुलगी : बरं. खिडकीकडे बघते.

बाबा : सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी खांब पुसला. म्हटलं, आज तुझा मोठा दिवस, चकचकीत दिसू दे.

मुलगी : कशाने पुसलात?

बाबा : शिवणयंत्राच्या तेलाने.

मुलगी : बाबा!

बाबा : जन्मभर पुस्तकांत डोकं घातलं, व्यवहारातलं काही कळत नाही. तुझ्यासाठी काही करायला गेलो आणि तुलाच पाडलं.

मुलगी : तरीच हात बुळबुळीत लागले! मला वाटलं, घाबरून घाम फुटला.

बाबा : घाम नव्हता. तुझं काहीच चुकलं नाही. तेलावरूनसुद्धा तू अर्ध्यापर्यंत गेलीस.

मुलगी : तुम्हाला काय माहीत?

बाबा : वर्तमानपत्राच्या वरून दिसतं. रोज दिसतं.

मुलगी : लबाड म्हातारा! ते स्पिरिट आणा. आणि कोरडं फडकं. नाही, बनियन नको, धुतलेलं फडकं.

(दोघं मिळून खांब पुसतात. ती चढते.)

बाबा : हळू… अगं, हात सोडलेस!

मुलगी : मुद्दाम सोडले. मांडीने धरलंय. तुम्ही श्वास घ्या आधी.

बाबा : घेतो. फोन वाजतोय. तुझ्या ताई दिसतात.

मुलगी : मग उचला ना. माझे हात खाली लोंबताहेत.

बाबा : मला परक्यांशी बोलता येत नाही गं… हॅलो? मी तिचे वडील बोलतोय. निरोप? तो विसरा, ती येतेय. नाही, आत्ता फोनवर येता येणार नाही, तिचे पाय छताकडे आहेत… छे हो, एकटी नाही. मी बघतोय.