वाळूवर आलेले शिंपले

नेदरलँड्समधल्या टेरस्खेलिंग बेटावरून निघणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे दाउवे उभे होते. जन्मभर शिंपले काढलेला माणूस. सोबत त्यांची लेक रिक्स्ट, डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला निघालेली.

"बाबा, परीक्षकांपुढे मध्येच बोलायचं नाही हं."

"नाही बोलत. पण तू शोधलंस काय, ते एकदा नीट सांग. शेजारी विचारतात."

"शिंपल्याच्या पायात बारीक जंत शिरतात. मग त्याला वाळूत घुसता येत नाही. तो वर पडून राहतो आणि कालवफोड्या पक्षी त्याला खातो. जंतांना पक्ष्याच्या पोटातच पोचायचं असतं."

"म्हणजे मी ज्या पक्ष्यांना चोर म्हणून शिव्या घातल्या, ते माझे आजारी शिंपले खात होते?"

"बरेचसे."

"आणि एवढ्याला सहा वर्षं? वर पडलेला शिंपला बिघडलेला असतो, हे तू पाच वर्षांची असताना मीच सांगितलं होतं."

"तसं लिहिलंय मी."

"कुठे?"

"प्रबंधात, तिसऱ्या पानावर. 'हे मला प्रथम माझ्या वडिलांनी दाखवलं.' खाली तुमचं नाव आहे."

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

"दे इकडे. अहो बाई, तुम्ही मागच्या, हे तिसरं पान जरा वाचता का? माझा चष्मा घरी राहिलाय."

"बाबा, चष्मा तुमच्या नाकावर आहे."

"असू दे. बाई, मोठ्यानं वाचा, पार तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाऊ दे."