चटका न कळणारा हात

मंडळी, ऐका! वाचलं म्हणजे कळलं, असं असतं का हो? आता या बाईचं बघा!

नागझरवाडीची द्वारकाक्का. देवीच्या भंडाऱ्यात भाकरी भाजायचा मान तिचा. आणि भाजायची कशी? ना उलथनं, ना फडकं! तापल्या तव्यावर उघडा हात! लोक पाया पडायचे. "अक्के, देवी तुझ्या हातात उतरली गं!" बायका त्या हाताखाली लेकरांची डोकी धरायच्या.

एकटी असली, की अक्का हाताकडं बघत बसायची. फोड यायचे, दुखायचे नाहीत. करंगळी वाकत चाललेली. पण देवीच्या देण्याबद्दल कुरकुर करायची कशी?

आणि मांडवासमोरच्याच भिंतीवर लिहिलेलं — "संवेदनाहीन चट्टा आढळल्यास आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा." सगळं गाव वाचायचं! पोरं तर पाठ म्हणायची!

एका भंडाऱ्याला आरोग्य केंद्रातली मालन सिस्टर आली. तिनं ते वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, "हो, हो!" अक्का भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "बाई, ते पहिलं काय गं? संवेदना... म्हणजे काय?"

सिस्टर थबकली. तिला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं!

"म्हणजे अक्का... चटका बसतो, पण कळत नाही."

थापणारा हात थांबला. मांडवात अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गप्प बसली असती, तर लोक जन्मभर पाया पडत राहिले असते! पण अक्कानं हात पुढं केला. "मग हे बघ."

पुजारी ओरडला, "अक्के, गप! देवीचं देणं आहे ते!"

"देवीनं दिलं असतं, तर बोटं का वाकली असती रं, बाबा?"

सिस्टरनं मनगटावरचा फिकट चट्टा पाहिला. "कुष्ठरोग वाटतोय, अक्का. तपासू. गोळ्यांनी बरा होतो."

नाव निघालं आणि लोक मागं सरले. आत्तापर्यंत पाया पडणारे! सिस्टरनं काय करावं? अक्काच्या हातची भाकरी घेतली, मोडली, खाल्ली!

अक्कानं गोळ्या नेमानं घेतल्या. रोग गेला. हरवलेली जाणीव सगळी परत आली नाही, पण बोटं वाकायची थांबली. मग सिस्टरनं भिंत पुसली आणि लिहिलं — "चटका कळत नाही? चट्टा दाखवा. गोळ्यांनी बरा होतो."

आणि काय नवल, मंडळी! भिंत तीच, रोग तोच — दुसऱ्या सकाळी गावचा पहिलवान पाय दाखवायला उभा! त्याच्यामागं पदर सावरत एक नवी नवरी! इतकी वर्षं ही माणसं त्या भिंतीपुढं पंगतीला बसत होती हो!

आता तुम्ही! मघापासून माना डोलावताय. कळलं म्हणून, की शेजारच्यानं डोलावली म्हणून? दवाखान्यात "हो बाई, हो" म्हणता, अन् फाटकाबाहेर एकमेकांना विचारता, "काय म्हणाली रे?" ज्याला विचारायचं त्याला विचारा! माझंही कळलं नसेल, तर आत्ता विचारा. टाळ थांबवा रे!

हं. बोला.