वसंतभाऊंची लाल गाडी

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. "वसंतभाऊ जुनी गाडी काढून लाल..." एवढंच पानठेल्यावर कानी आलं. माझा दारव्ह्याचा बाजार सीटला कापूस चिकटलेल्या त्याच जुन्या गाडीतून व्हायचा, म्हणून तडक शेजारी भाऊंकडे गेलो. भाऊ म्हणाले, "चाल, नवी चालवून पाहू."

शोरूमची लाल गाडी सुसाट पळाली. फाट्यावर गाठोडं घेऊन उभी गंगूमावशी दिसली, तसा भाऊंनी सवयीनं ब्रेक मारला.

"बस मावशे."

मागे बसलेला शोरूमचा माणूस दचकला, "काका, ही टेस्ट ड्राइव्ह आहे."

गाठोडं मावेना. मावशी म्हणाली, "वसंता, तुह्याच गाडीनं येत जा नं."

महिन्यानं भाऊंच्या अंगणात लाल गाडी दिसली. दार उघडलं, तर सीटला तोच जुना कापूस चिकटलेला. भाऊंनी जुन्या गाडीलाच फक्त रंग मारला होता.