सासरेबुवाची अळंबी

अळंबीचं नाव काढलं ना तुमी, तं मले माह्ये सासरे आठवले. इंग्रजाचं राज होतं तवा. लगनानंतर आखाडात मले पहिल्यांदा सासरवाडीले, मेडशीले, जेवाले बोलावलं. सासरेबुवा सकाळीच जंगलातून अळंबी घेऊन आले. लांब दांडी, वरून तांबडी, पालिश मारल्यावानी चमकून राह्यली.

सासूबाईनं एक उलटून पाह्यली. "अवो, खायच्या अळंबीले खालून पुस्तकाच्या पानावानी पदर रायतेत. हिले तं नुसते बारीक भोकं हायेत. लाकूड होय हे!"

"माह्यी उमर जंगलात गेली. तू मले शिकवतं?" सासरे बोलले. "टाक चुलीवर!"

सासूबाईनं अळंबी चुलीवर टाकली. दिवसभर चूल पेटती ठेवली. संध्याकाळी माह्या अन सासऱ्यायच्या ताटात तेच आलं. मी चावून राह्यलो, चावूनच राह्यलो. त्यापरीस चपलेचा तळ नरम!

सासऱ्यायनं मान वर न करता इचारलं, "कशी काय झाली जावईबापू?"

नवा जावई काय बोलन? म्हटलं, "मटनावानी लागते, मामाजी."

दारामागून सासूबाई हासल्या. "बरं झालं बाई. मळ्यातल्या वांग्याची भाजी केली होती, ते मंग आमी बायकाच खातो."

अन खरंच खाल्ली हो! वास आमच्यापर्यंत येऊन राह्यला.

सासू-सासरे दोघंई गेले आता. पण अजूनई झाडाच्या बुडाशी तशी अळंबी दिसली का मी उलटून पाह्यतो. अन तोंडाले पाणी सुटते ते त्या वांग्यायचं, जे मले त्या दिवशी भेटलेच नाही.