समोर मी होतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक, आदरणीय डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर बसलेल्या मेट्रनबाई आणि हिशेब खात्याचे मुख्य अधिकारी. जिनं हट्टानं मला इथं आणलं ती नोंदणी खिडकीवरची ताई. समोर बसलेल्या सर्व परिचारिका, लॅबमधली आणि एक्स-रेमधली मंडळी, वॉर्डातले कर्मचारी. ड्यूटी सोडून दारात उभे राहिलेले आणि सारखे घड्याळाकडे बघणारे सगळे. आणि आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे तुमचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले, म्हणजे आमचे हे.

तुम्ही ह्यांना पाठीमागे 'रीस्टार्टकाका' म्हणता, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे. कोणाचाही फोन आला की ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा रीस्टार्ट करून बघितलंत का?" एकदा मला चक्कर आली तेव्हाही ते हेच म्हणणार होते. ओठांपर्यंत आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी शिवणकाम करते. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. इथल्या बऱ्याच जणांच्या पँटी मी आखूड केल्या आहेत, काहींच्या कंबरेला जागा सोडून दिली आहे, आणि कोणाच्या, ते मी व्यासपीठावरून सांगणार नाही. बोलायचा सराव नाही, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. पण दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणाऱ्या बाईनं तसं म्हणणं बरं दिसायचं नाही.

घरून मी एक भाषण ठरवून आणलं होतं. त्यात ह्यांची निष्ठा होती, शिस्त होती, डबा न विसरण्याची सवय होती. पण मघाशी डॉक्टरसाहेबांनी एक घोषणा केली. सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी आवृत्ती यायची आहे, तेव्हा ती नीट बसेपर्यंत ह्यांनी आणखी सहा महिने यावं, आम्ही त्यांना सोडणारच नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीनं. मग ह्यांच्याकडे बघितलं. हे मान खाली घालून हातातल्या फुलांवरचं प्लॅस्टिक सारखं करत बसले होते. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर माणूस पाठमोरा असला तरी कळतो. म्हणून ते भाषण मी पर्समध्येच ठेवते.

तुम्हाला वाटेल, ही बाई कॉम्प्युटरच्या विरुद्ध आहे. तसं मुळीच नाही. एक काळ असा होता की माझी सवत कोण, असं कोणी विचारलं असतं तर मी त्या यंत्राकडे बोट दाखवलं असतं. तेव्हा नवी आवृत्ती क्वचित यायची, खोक्यातून यायची, आणि तिची वाट बघितली जायची. हे ते खोकं आधी घरी आणायचे. जेवणाच्या टेबलावर माहितीपुस्तक उघडून वाचत बसायचे, आणि मला हाक मारून दाखवायचे, "हे बघ, आता हे एका झटक्यात उघडेल. किती डोकं लावलंय बघ लोकांनी." ज्यांना कधी पाहिलं नाही अशा माणसांचं हे मनापासून कौतुक करायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ह्यांचा चेहरा कळायचा.

मग कधी तरी ते खोकं येणं बंद झालं. आता अपडेट आपोआप येतं. बोलावणं नाही, विचारणं नाही, सकाळी येऊन बघावं तर पाहुणा घरात शिरून भांडी इकडची तिकडे करून बसलेला. काल डावीकडे असलेलं बटण आज मध्यभागी. काल चालणारा प्रिंटर आज ओळख दाखवेना. एक्स-रेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा पडदा आपला आपण काळा. आणि काय केलंत म्हणून विचारावं, तर खाली लिहिलेलं असतं, 'काही सुधारणा आणि दुरुस्त्या'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी गिऱ्हाइकाला त्याचा कोट परत देताना 'काही सुधारणा केल्या आहेत' एवढंच म्हटलं, तर तो बाह्या मोजल्याशिवाय दुकानाबाहेर जाईल का?

आमच्या धंद्यात कच्चे टाके घालून आधी ट्रायल घेतात. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, हात वर करतं, खाली बसून बघतं, मग पक्की शिलाई. ह्यांच्या धंद्यातही पूर्वी असंच होतं म्हणे. आता कच्च्या टाक्यांवरच कपडा अंगावर चढवतात. भररस्त्यात उसवला तर म्हणतात, पुढच्या मंगळवारी टाका येईल. तो येतो, आणि दुसरी बाही निघते. एक सांधताना तेरा तुटतात, ही म्हण मी आईकडून ऐकली होती. अर्थ मला ह्यांच्या नोकरीनं शिकवला.

पण मी यंत्राची तक्रार घेऊन उभी नाही. यंत्राला काय कळतं? मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

खिडकीवरच्या ताईला ती सकाळ आठवत असेल. अपडेटनंतर नोंदणीची चिठ्ठी छापायचं बंद झालं. रांग पार फाटकाबाहेर. ताईनं ह्यांना बोलावलं. रांगेत एक आजोबा होते, रिकाम्या पोटी रक्त द्यायला आलेले. त्यांनी ह्यांच्या अंगावर काठी उगारली आणि नको नको ते बोलले. ह्यांनी हात जोडले. "चुकलं बाबा, माफ करा," म्हणाले, आणि हातानं चिठ्ठ्या लिहायला बसले. मला हे ताईनं नंतर सांगितलं. ह्यांनी नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही बिघडवलं होतं का ते?"

"नाही."

"मग माफी कशाची मागितलीत?"

तर हे चपला जागेवर ठेवत म्हणाले, "समोर मी होतो ना."

तेव्हा मी ताटं वाढायला गेले. यावर काय बोलायचं, ते आज सुचतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते एकदा समजून घेता येतं. पण इथं दर महिन्याला फाशी, आणि संन्यासी आपला स्वतः दोर घेऊन हजर.

ही अपडेटं पाठवणाऱ्या कंपनीला हे तक्रारी लिहायचे. नीट, पायरी पायरीनं, कुठं काय दाबलं की काय बिघडतं ते लिहून. उत्तर यायचं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. तुम्ही रीस्टार्ट करून बघितलंत का?' हसा तुम्ही, मीही हसले होते. आणि खाली विचारलेलं असायचं, हे उत्तर उपयोगी पडलं का, हो किंवा नाही. हे 'हो' दाबायचे. मी म्हटलं, अहो, काडीचा उपयोग झाला नाही, आणि हो काय दाबता? तर म्हणाले, "तिकडेही कोणीतरी माझ्यासारखाच बसला असेल गं. त्याला कशाला बोलणी बसावीत?"

मंडळी, माणूस चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार अशी, की त्या माफीची ह्यांना सवय लागली. ती दवाखान्याच्या फाटकाशी थांबली नाही, घरी आली. दूध माझ्या हातून उतू गेलं, तर बाहेरच्या खोलीतून आवाज, "सॉरी." पाऊस आला, वाळत घातलेले कपडे भिजले, "सॉरी." एकदा हे माझ्या दुकानात डबा द्यायला आले. एक गिऱ्हाईक तावातावानं म्हणत होतं, शर्ट घट्ट केलात. मी काही बोलायच्या आत हे पुढे होऊन म्हणाले, "सॉरी हं, बघून देतो." आता शर्ट मापात होता, गिऱ्हाईक सुटलं होतं. मी ते पटवून देणारच होते. ह्यांच्या एका सॉरीपायी मला त्या माणसाचा शर्ट फुकटात सैल करून द्यावा लागला.

आणि 'नवीन' या शब्दाची ह्यांनी धास्ती घेतली. जो माणूस खोकं उघडताना डोळे मोठे करायचा, तो आता घरात नवा कुकर घेऊ देत नाही. "जुना चालतोय ना, मग राहू दे." गेल्या वर्षी आमच्या लेकीचा फोन आला, "बाबा, एक नवीन बातमी आहे." ह्यांचा चेहरा उतरला. "काय बंद पडलं?" असं विचारलं ह्यांनी. ती बिचारी आपलं लग्न ठरल्याचं सांगायला फोन करत होती. आम्ही दोघी त्या वाक्यावर पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला हसू आलं नाही. मी मशीनवर जाऊन बसले आणि नुसतीच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं होतं.

मी आता...

तुम्ही हसताय का? मी तर हसण्यासारखं काही बोलले नाही. पाठीमागे काय झालं?

असं होय.

ज्यांना मागून दिसत नसेल त्यांच्यासाठी सांगते. माझ्या मागच्या पडद्यावर ह्यांचे जुने फोटो दाखवत होते. मेट्रनबाईंनी कौतुकानं जमवले होते. ते गेले. आता निळा पडदा आहे, त्यावर एक चक्र फिरतंय, आणि लिहिलंय, 'अपडेट होत आहे. कृपया बंद करू नका.'

बघा, उठले. अहो, कुठं निघालात? बसा. नाही, बसा तुम्ही. फुलं खुर्चीवर ठेवून निघालेसुद्धा.

डॉक्टरसाहेब, तुमचा मान मोठा आहे, रागावू नका, पण तुम्हीही त्यांच्याकडेच बघताय. अख्खा हॉल बघतोय. पडद्याकडे कोणी बघत नाही. आणि पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल, बाकीच्यांना मी सांगते, उठता उठता हे आत्ता 'सॉरी' म्हणाले. स्वतःच्या निरोपाच्या दिवशी, स्वतःचा फोटो गेला म्हणून, सत्कारमूर्तीनं सभेची माफी मागितली. मला जे एवढ्या वेळात नीट सांगता येत नव्हतं, ते त्या चक्रानं सांगून टाकलं.

फिरू द्या त्याला. आपण सगळे मिळून थोडा वेळ बघू या. हे चक्र ह्यांनी आजवर एकट्यानं बघितलंय, पाठीमागे ओरडणारी रांग घेऊन. आज आपल्याला घाई नाही. चहा यायचाच आहे.

तर त्या सहा महिन्यांबद्दल. त्याचं उत्तर मी देणार नाही. तो ह्यांचा मान आहे, आणि ह्यांच्या वतीनं बोलायची सवय मला लागली तर घरात दोन रोगी होतील. मी फक्त एक अट घालते. अहो, इकडे बघा. डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला विचारलंय. यायचं असेल तर हो म्हणा, मी डबा करून देईन, तक्रार करणार नाही. यायचं नसेल तर नाही म्हणा. पण जे म्हणायचं ते सॉरी न म्हणता म्हणा. माइक नको, मला इथवर ऐकू येतं. मी थांबते.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं.

"नाही जमणार."

ऐकलंत सगळ्यांनी? मी अजून थांबले होते, पुढे काही येतंय का बघायला. काही आलं नाही.

टाळ्या नको, ते परत उठतील.

डॉक्टरसाहेब, तुम्ही मान हलवलीत, मनाला लावून घेतलं नाहीत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. ह्यांच्या जागी जी कोणी मुलगी किंवा मुलगा येईल, त्याच्यासाठी एक विनंती करून ठेवते. सकाळी यंत्र बंद पडेल, रांग लागेल, डोकं तापेल, हे सगळं होणारच आहे. तेव्हा ओरडायच्या आधी एवढं बघा, की समोर उभा आहे तो बिघडवणारा आहे की सुधारायला आलेला. तुम्ही दवाखान्यातली माणसं आहात. ताप आणणारा आणि औषध देणारा यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा?

मला बोलू दिलंत, मधे थांबवलं नाहीत, याबद्दल अध्यक्षांचे, मेट्रनबाईंचे, फोटो जमवणाऱ्या सगळ्यांचे आणि मला हाताला धरून आणणाऱ्या ताईचे मनापासून आभार. शेवटी चूकभूल माफ करा, असं म्हणायची रीत आहे. माझ्या तोंडून काही उणंअधिक गेलं असेल, कोणाचा मानपान राहिला असेल, तर ती चूक माझी. ती मी केली आहे, आणि समोरही मीच आहे, म्हणून हात जोडून माफी मागते.

पडद्यावर अजून चक्र फिरतंय. त्याची माफी मात्र आज इथं कोणी मागणार नाही. ती ज्यांनी मागायची, ते समोर नाहीत.

अहो, फुलं घ्या. निघू या आपण.