वाघजाळीच्या खिंडीतली शीळ

चुलवाणाजवळ सरका रे सगळे. काहिलीतला रस आटून गूळ व्हायला अजून बराच वेळ आहे, तोवर ऐका. आणि एक सांगून ठेवतो, गोष्ट संपेपर्यंत कुणी शीळ घालायची नाही. का ते विचारू नका. कळेल.

तर ऐका. आपल्या आंबेखोलचा शिरपा. अहो, पिकअपवाला शिरपा! भाजीपाला नेतो, वैरण आणतो, तोच. एकदा अंधार पडल्यावर तो सासरवाडीहून निघाला. शेजारी बायको, मालन. मालनच्या मांडीवर कपड्यांची पिशवी. "मागं हौद्यात ठेव की," शिरपा म्हणाला. नाही ठेवली. कुठं उतरावं लागेल याचा नेम नव्हता ना!

आता हे काय प्रकरण, ते सांगतो. शिरपाला आपल्या कानांचा भारी गर्व. गाडीत कुठं बारीकसं चीं झालं, की हा सांगणार, पट्टा सैल झालाय. घूं झालं, की बेअरिंग गेलं. जेवताना हातातला घास ताटात टाकून उठायचा आणि बॉनेट उघडून बसायचा. बरं, गाडी ऐकतो तर ऐको बापडा. पण बायको समोर बसून काही सांगत असली, तर हा नुसता "हं, हं" म्हणायचा. कान सगळे अंगणातल्या गाडीकडं! एकदा मालन म्हणाली, "आवो, कालपासनं लई ठणकतंय." दाताचं सांगत होती बिचारी. हा म्हणतो कसा, "गिअर टाकताना, का क्लच दाबल्यावर?"

हसा, हसा! ती मात्र हसली नाही. सुजलेला गाल घेऊन माहेरी गेली ती गेलीच. घर खायला उठलं. शिरपा रोज चुलीपुढं एकटा बसायचा, आणि मग त्याला कळलं की भिंतींना काही बोलता येत नाही. शेवटी गेला सासरवाडीला, हात जोडून.

मालननं अट घातली. "येते. पर घर येईस्तवर कसला आवाज ऐकून गाडीतनं खाली उतरलासा, तर मीबी उतरले म्हणून समजा. मग पुन्यांदा न्यायला येऊ नका."

"न्हाई उतरत!" शिरपा म्हणाला. म्हणायला काय जातंय!

सासूनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून उशीर झाला. डांबरी रस्त्यानं जायचं, तर वाटेत गॅरेज, चहाच्या टपऱ्या, ओळखीचे मिस्त्री. मालन म्हणाली, "तिकडनं नको. खिंडीतनं चला. तिथं थांबाय जागाच न्हाई." बघा, बाई हुशार, पण तेवढी एक चूक केली.

सासू दारातून ओरडली, "पाव्हणं! खिंडीत काय बी हूं दे, भुईला पाय लावू नका. तिथं शिळकऱ्या हाय!"

शिळकऱ्या म्हणजे काय, ठाऊक आहे का? ना त्याला शेंडी, ना उलटे पाय. तो माणसाला धरत नाही, मारत नाही. नुसते आवाज काढतो. ज्याला जे ऐकायचं वेड, तेच त्याला ऐकवतो. धनगराला चुकलेल्या कोकराचं बें बें. बाळंतिणीला पोराचं रडणं. माणूस आवाजामागं वाटेवर उतरला, की संपलं. आवाज पुढं, माणूस मागं, आणि सकाळी दरीच्या तळाला कावळे गोळा. शिरपानं मान डोलवली खरी. ऐकलं असेल की नाही, देव जाणे.

खिंडीचा चढ लागला. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुंघुं करत चढतेय. आणि...

शीऽऽऽ!

बारीक शीळ. बॉनेटमधून. शिरपानं कान टवकारले! मालननं पिशवी घट्ट धरली.

"उतरत न्हाई गं," शिरपा म्हणाला. "बसल्या जागी बघतो. हवेचा पाइप सैल असला, तर पाय काढल्यावर शिट्टी बंद व्हती." काढला पाय. गाडी मंदावली. शीळ? तशीच! मालननं काच वर केली, वारा शिरत असेल म्हणून. शीळ तशीच. उलट थोडी खुशीत आल्यासारखी, लग्नातल्या पाव्हण्यासारखी सूर लावून.

मग पुढच्या वळणावर, कींऽऽच! जसं काही कुणी डुकराचं पिल्लू पकडलंय. शिरपा म्हणाला, "ह्यो पट्टा. शंभर टक्के पट्टा. दिव्यांचा भार काढला की गप बसतो बघ." आणि लेकानं काय करावं? भर खिंडीत दिवे बंद केले!

काळाकुट्ट अंधार. किंचाळी चालूच. उलट जवळ आली. शिरपानं घाईघाईनं दिवे लावले, आणि बघतो तर काय! गाडीच्या पुढं, उजेडाच्या कडेला, एक उंच माणूस पाठमोरा चालतोय. डोक्याला फेटा. तोंड दिसत नाही. हात मागं बांधलेले. कानामागं एक पाना खोचलेला, सुतार पेन्सिल खोचतात तसा. ऐकता ना? चालतोय आणि मान हलवतोय. मिस्त्री गाडी बघून हलवतो ना, "लई काम निघणार" म्हणून, तशी!

मालन किंचाळली. शिरपा नाही. शिरपाला राग आला! आपल्या गाडीकडं बघून मान हलवतो म्हणजे काय? डोळे मिटले, उघडले, माणूस गायब.

"बेअरिंग असंल," शिरपा पुटपुटला. स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं केलं. बेअरिंगचा आवाज वळताना बदलतो. हा बदलला नाही. आणि आता तो चाकात नव्हताच. सीटखाली होता. मग टपावर. मग मागच्या हौद्यात. शिरपाची छाती धडधडली की शीळ जोरात, छाती शांत झाली की शीळ हळू. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मालन," तो म्हणाला, "गाडीचा आवाज गाडीचं ऐकतो. पाय दाबला तर वाढतो, काढला तर घटतो. ह्यो गाडीचं ऐकतच न्हाई. ह्यो माझं काळीज ऐकतोय!"

"मग तुमी नका ऐकू त्याचं!" मालन म्हणाली.

झालं! शिळकऱ्याला राग आला. ओळख पटली की भूत चिडतंच. शीळ थांबली. शी थांबलं, कीं थांबलं. मग टायरखालच्या खडीचा आवाज थांबला. मग वारा. मग, ऐका, मग इंजिन.

एकदम गप्प! शिरपाच्या कानात काही नाही. मोकळ्या विहिरीत डोकं घातल्यासारखं. आणि गाडी नेमकी खिंडीच्या अगदी टोकाच्या वळणावर. ड्रायव्हरला आवाजाची भीती नसते रे, आवाज गेल्याची असते. 'इंजिन बंद पडलं! चढावर! आता गाडी मागं घसरणार, मालनसकट दरीत!' शिरपानं क्लच, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. चाकामागं दगड लावायला हवा. लगेच! दार उघडलं. एक पाय बाहेर काढला.

पाय भुईपासून वीतभर वर. खाली अंधारात काहीतरी खुशीत आलं होतं, एवढं नक्की.

"आवो, पाय आत घ्या! कुठं निघालासा?"

शिरपा दचकला. सगळं जग मुकं झालेलं, आणि हे मालनचं बोलणं कसं ऐकू आलं? लख्ख! शब्द न शब्द!

का, सांगा बरं? नाही सांगता येत? अरे, शिळकऱ्यानं शिरपाचे सगळे आवाज काढून घेतले. तो जे जे ऐकायचा ते सगळं. बायकोचं बोलणं हा कधी ऐकतच नव्हता, मग ते काढून घ्यायचं त्याला सुचणार कसं!

"इंजिन बंद पडलंय गं!" शिरपा ओरडला.

"कुठं बंद हाय? घरघर ऐकू येतीया मला! चालू हाय गाडी. पाय आत घ्या आधी!"

आता आली का पंचाईत? आयुष्यभर कानांवर मिरवलेला गडी. त्याचे कान सांगतात, बंद. बायको सांगते, चालू. पाय अजून बाहेर. बुटाच्या टाचेला गार वारा चाटतोय.

शिरपानं पाय आत घेतला. दार ओढलं. मालननं त्याचा हात धरून डॅशबोर्डवर दाबला. थरथर! खरंच थरथर!

"मी सांगते तसं करा," ती म्हणाली. "दाबा. आनखी. हँडब्रेक सोडा. आता कण्हतंय, पैला गिअर टाका. हां. आता मोकळं बोलतंय. उजवीकडं घ्या, दगूड वाजतोय डाव्या चाकाखाली." इतकी वर्षं त्या सीटवर बसून बसून बाईलाही सगळं ऐकू येत होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आणि शिरपानं पहिल्यांदाच, बाबांनो, पहिल्यांदाच तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मागून काच कुणी नखांनी ओरबाडली, त्यानं वळून बघितलं नाही.

टोक ओलांडलं. उतार लागला. आणि फट्ट करून सगळे आवाज परत आले! इंजिन, खडी, रातकिडे. शिरपाच्या डोळ्यात पाणीच आलं. मागं लांब खिंडीत कुणीतरी हिरमुसल्यासारखी एक शीळ घातली, आणि ती तिथंच राहिली.

थोडं पुढं जातायत, तोच कींऽऽच!

दोघंही ताठ झाले. शिरपानं पाय दाबला, किंचाळी वाढली. पाय काढला, घटली. गाडीचं ऐकत होती ती. म्हणजे पट्टाच. खराखुरा पट्टा!

"बघा हवं तर उतरून," मालन हळूच म्हणाली. "खिंड मागं ऱ्हायली. मी काय म्हणत न्हाई."

शिरपाचा हात दाराकडं गेला. मग मागं आला.

"ऱ्हाऊ दे. सकाळी बघू," तो म्हणाला. "तू बोल."

"काय बोलू?"

"काय बी. एवढे दिवस ऱ्हायलंय ते समदं."

मालन आधी रडली. मग बोलायला लागली. पट्टा किंचाळत होता, आणि त्याच्यावर आवाज चढवून ती बोलत होती. घर आलं, इंजिन बंद झालं, तरी दोघं गाडीतच बसलेले. शेजाऱ्यांना वाटलं, भांडतायत.

तर पोरांनो, कान देऊन ऐका. वाघजाळीच्या खिंडीनं रात्री जायचं नाही. कितीही घाई असो, नाही म्हणजे नाही! शिरपासुद्धा जात नाही आता. डांबरी रस्त्यानं लांबून जातो. मालन शेजारी बसून बोलत असते, आणि घर जवळ आलं तरी तिचं सांगून झालेलं नसलं, की हा पठ्ठ्या, लोक सांगतात, गाडी मुद्दाम हळू चालवतो.